चाच्यांच्या बेबंद बेटावर शांतिदल कसे टिकेल?

आपल्या प्रश्नाचा गाभा आधी मांडतो. आपण लिहीत असलेल्या कादंबरीत कोणत्याही राजाची सत्ता नसलेले एक बेट आहे, त्याच्या एकुलत्या एका खोल बंदरात चाच्यांच्या सात टोळ्या आलटूनपालटून नांगर टाकतात, आणि त्यांच्यात रक्तपात होऊ नये म्हणून करड्या पट्ट्याचे शंभर-सव्वाशे माणसांचे एक शांतिदल किनाऱ्यावर पहारा देते. पहिला खर्डा वाचणाऱ्या मित्राने आपल्याला विचारले की, चाचे या माणसांना पहिल्याच रात्री कापून का काढत नाहीत, आणि त्याला देण्यासारखे उत्तर आपल्याकडे नव्हते. मी काही वर्षे शांतिसेनेत लष्करी निरीक्षक म्हणून काम केले आहे आणि निवृत्तीनंतर अशा कथानकांची हस्तलिखिते वाचून लेखकांना सल्ला देत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

चाच्यांना कायदा नको असतो, पण सुरक्षित किनारा हवा असतो, आणि तो त्यांना एकमेकांच्या भरवशावर मिळू शकत नाही. जोवर प्रत्येक नाखव्याला शांतिदलापेक्षा शेजारी नांगरलेल्या जहाजाची धास्ती अधिक वाटते, तोवर दलाला कोणी हात लावत नाही. ज्या दिवशी एखादा नाखवा बाकीच्या सहा जणांना पुरून उरतो, त्या दिवशी दल संपते. आपल्या खर्ड्यात मात्र दल टिकते ते त्याच्या सेनापतीच्या शौर्यामुळे आणि करारीपणामुळे, आणि मित्राला न पटलेली गोष्ट नेमकी हीच असावी. सव्वाशे माणसे सात जहाजांवरच्या हजारभर सशस्त्र माणसांना धाकात ठेवू शकत नाहीत, मग त्यांचा सेनापती कितीही शूर असो.

ही परस्परांची धास्ती वाचकाला दाखवायची असेल, तर जहाजाच्या तळापासून सुरुवात करावी. उष्ण समुद्रात लाकडी जहाजाच्या तळाला काही महिन्यांतच शेवाळ आणि शिंपल्यांचा जाड थर चढतो, त्याने वेग मंदावतो, आणि लाकूड पोखरणारा किडा फळ्यांची चाळण करून टाकतो. चाच्यांचा सगळा धंदा वेगावर चालतो, कारण सावज गाठायचे असते आणि आरमाराच्या हातून निसटायचेही असते. त्यामुळे वरचेवर जहाज किनाऱ्याला लावून तळ साफ करण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. त्यासाठी तोफा, दारूगोळा, पाण्याची पिंपे आणि तळाशी भरलेले वजनाचे दगड उतरवावे लागतात, वरच्या डोलकाठ्या खाली घ्याव्या लागतात, भरतीच्या पाण्यावर जहाज उथळ वाळूत चढवावे लागते आणि दोरखंड व कप्पे लावून ते एका कुशीवर कलते करावे लागते. मग उघड्या पडलेल्या बाजूवरचा थर जाळत आणि खरवडत काढतात, किडलेल्या फळ्या बदलतात, फटींत जुन्या दोरांचा पिंजलेला काथ्या ठासून त्यावर डांबर ओततात, आणि शेवटी चरबी व गंधकाचा लेप देतात. एक कूस झाली की जहाज फिरवून दुसऱ्या कुशीवर पुन्हा तेच. या कामात दिवसांमागून दिवस जातात, आणि त्या काळात ना तोफ डागता येते, ना पळ काढता येतो. समोरच्या जहाजावर बसलेल्या माणसाने मनात आणले, तर दोन होड्या पाठवून तो सारे काही लुटून नेऊ शकतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच्यावरही हीच पाळी येणार असते.

आपल्या शांतिदलाचे पहिले काम इथे आहे. बेटावर जहाज कलते करण्याजोगी वाळूची खाडी एकच असावी, तिच्या तोंडावर दलाच्या चार-सहा तोफांचा मोर्चा असावा, आणि खाडीत कोणाचा क्रम कधी लागेल याची वही दलाच्या ताब्यात असावी. माझ्या मते ही वही दलाच्या साऱ्या शस्त्रांपेक्षा मोठे शस्त्र आहे. क्रम चुकवण्यासाठी लाच देऊ पाहणारा नाखवा, वादळात फुटलेले जहाज घेऊन अचानक आलेली आणि रांग मोडून आत घ्या म्हणणारी टोळी, ज्याचा क्रम गेला तो मुकाट्याने धरून बसलेला राग, असे तंटे या एका वहीतून आपोआप निघतात आणि त्यासाठी वेगळा खलनायक उभा करावा लागत नाही.

इतिहासात असे शांतिदल हुबेहूब कुठे नव्हते, पण त्याच्या अभावी काय होते याची उदाहरणे भरपूर आहेत. बहामा बेटांतील नॅसॉ १७०३ मध्ये स्पॅनिश आणि फ्रेंच हल्ल्यात उद्ध्वस्त झाले, इंग्लंडने तिकडे लक्ष दिले नाही, आणि पुढच्या दशकात ते चाच्यांचे ठाणे बनले. तिथे टॉमस बॅरो नावाचा एक चाचा स्वतःला गव्हर्नर म्हणवून घेत असे, परंतु शांतता टिकत होती ती बेंजामिन हॉर्निगोल्डसारख्या वजनदार नाखव्यांच्या दबदब्यामुळे, आणि हॉर्निगोल्ड व हेन्री जेनिंग्ज यांच्यातले वैर मिटवणारा तिसरा पक्ष तिथे नव्हता. दबदबा माणसाचा असतो, तो दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही, म्हणून अशी व्यवस्था एका माणसाच्या जाण्याने कोसळते.

उलट टोकाचे उदाहरण कॅरिबियन समुद्रातील टॉर्टुगा बेटाचे आहे. १६४० च्या दशकात ल व्हासर नावाच्या फ्रेंच अभियंत्याने तिथे बंदरावर नजर ठेवणाऱ्या खडकावर किल्ला बांधला, तोफा चढवल्या आणि बेटावर येणाऱ्या बुकेनिअरांना, म्हणजे तिकडच्या शिकारी-चाच्यांना, आसरा दिला. बदल्यात त्याने कातड्यांवर आणि लुटीवर कर बसवला, तो वाढवत नेला, आणि १६५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या जवळच्या माणसांनीच त्याचा खून केला. ज्याच्या हाती बंदरावरच्या तोफाही आहेत आणि तिजोरीही आहे, तो फार काळ मध्यस्थ राहत नाही, तो राजा होतो, आणि मग त्याच्याशी राजासारखेच वागले जाते. आपल्या खर्ड्यात दलाचा डोंगरी किल्ला आणि लुटीतला दहावा हिस्सा या दोन्ही गोष्टी आहेत. त्यांतली एक काढावी, शक्यतो दोन्ही.

हिश्शाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण पैशाचा मार्ग चुकला की कथेचा पायाच डळमळतो. दलाला लुटीच्या प्रमाणात वाटा मिळत असेल, तर मोठी लूट व्हावी यात दलाचा स्वार्थ येतो, आणि ज्या टोळीची लूट मोठी तिच्याकडे दलाचा कल झुकणारच. त्यापेक्षा नांगर टाकून राहिलेल्या दिवसांचे ठरलेले भाडे, जहाज रिकामे आलेले असो वा चांदीने भरून आलेले असो, सर्वांना सारखेच असावे. चाचे हिशेबाला कच्चे होते ही समजूत चुकीची आहे. अठराव्या शतकातील चाचा बार्थोलोम्यू रॉबर्ट्स याच्या जहाजावरील नियमांत कप्तानाला व क्वार्टरमास्टरला, म्हणजे जहाजाच्या कारभाऱ्याला, दोन हिस्से, तोफखान्याच्या प्रमुखाला दीड आणि इतर अधिकाऱ्यांना सव्वा हिस्सा अशी वाटणी ठरलेली होती, आणि नोकरीत हात किंवा पाय गमावणाऱ्याला सामाईक निधीतून आठशे नाणी द्यायची तरतूद होती. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर झेंग यी साओ या चाच्यांच्या म्होरकी बाईच्या ताफ्यात लुटीची नोंद केल्यावर पकडणाऱ्याला पाचवा भाग मिळे आणि उरलेला सामाईक कोठारात जाई. शिवाय मिठाच्या जहाजांना पैसे घेऊन अभयपत्रे दिली जात आणि ती दाखवणाऱ्या जहाजाला ताफ्यातला कोणी हात लावत नसे. असे लोक भाडे भरतील, पावतीही मागतील.

आता दलाने काय करू नये याकडे येतो. आपण दलाला चोरी, मारामारी, खून, दारूबाजी, जुगार अशा साऱ्यांचा बंदोबस्त करायला लावले आहे, आणि ते सर्वांत अवास्तव आहे. प्रत्येक जहाजाचे स्वतःचे लेखी नियम असत, ते सर्व खलाशी शपथेवर मान्य करत, आणि ते अमलात आणणारा क्वार्टरमास्टर खलाशांनीच निवडलेला असे. रॉबर्ट्सच्या जहाजावर सोबत्याचे चोरणाऱ्याचे कान-नाक चिरून त्याला किनाऱ्यावर सोडत, तर जॉन फिलिप्स या दुसऱ्या चाच्याच्या जहाजावर काही गुन्ह्यांसाठी एक बाटली दारू, एक बाटली पाणी, एक लहान बंदूक आणि गोळ्या देऊन माणसाला एकटे सोडून देण्याची शिक्षा होती. इथे दारू म्हणजे बंदुकीची दारू. ज्यांनी स्वतःचा कायदा स्वतः लिहिला आहे, ते आपल्या माणसाला परक्या पट्टेवाल्याच्या हवाली करणार नाहीत. म्हणून एकाच जहाजाच्या दोन माणसांमध्ये जे काही घडेल, अगदी खूनसुद्धा, त्यात दलाने पडायचे नाही. दोन वेगवेगळ्या जहाजांच्या माणसांमध्ये, भरतीच्या रेषेच्या वर घडलेली गोष्ट तेवढी दलाची.

हा नियम वाचताना क्रूर वाटतो आणि तो क्रूर आहेच, पण आपल्या कादंबरीला हवा असलेला पेच त्यातच आहे. करड्या पट्ट्याचा एक तरुण शिपाई डोळ्यांदेखत एका पोरसवदा खलाशाला त्याच्याच जहाजाच्या माणसांकडून मारहाण होताना पाहतो, आणि त्याला फक्त वहीत वेळ लिहिता येते. मी स्वतः निरीक्षक असताना अशा नोंदी केल्या आहेत, त्यामुळे त्या शिपायाच्या मनात त्या क्षणी फार उदात्त विचार नसतात एवढे खात्रीने सांगू शकतो. वेळ नीट लिहिली आहे ना, अंतर किती पावले होते, आपल्याला कोणी पाहिले का, असले विचार असतात. शरम येते ती रात्री.

तुरुंगाचा प्रसंग मला सर्वांत आधी काढून टाकावासा वाटला. कैद्याला खायला घालावे लागते, त्याच्यावर पहारा ठेवावा लागतो, आणि त्याचे सत्तर-ऐंशी सोबती हाकेच्या अंतरावर तोफा घेऊन बसलेले असतात. म्हणजे तुरुंग हे दलाच्या हातातले साधन राहत नाही, दलाच्या गळ्यातली धोंड होते. दलाची शिक्षा नकाराची असावी. झऱ्यावरून पाणी भरू न देणे, बाजाराच्या दिवशी त्या जहाजाचा माल किनाऱ्यावर उतरू न देणे, खाडीच्या वहीतून त्याचा क्रम काढणे, आणि सर्वांत कठोर म्हणजे ते जहाज बंदरातून निघाल्यावर बाकीच्या नाखव्यांना ‘याच्याविषयी आमची हमी संपली’ असे जाहीरपणे कळवणे. यांतल्या कुठल्याही शिक्षेसाठी दलाला कोणावर हात टाकावा लागत नाही, आणि ती मोडायची तर बाकीच्या सहा टोळ्यांचा रोष ओढवून घ्यावा लागतो.

तरीही काही तारण हवे. माझी सूचना अशी आहे की, बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाने आपल्या दारूगोळ्यातील अर्धी दारू दलाच्या कोठारात ठेवावी. नियम मोडला तर त्यातून दंड वळता व्हावा, आणि निघताना उरलेली परत मिळावी. याने तारणाचा प्रश्न सुटतो आणि बंदरात मोठी लढाई पेटण्याची शक्यताही कमी होते, पण मला ही कल्पना आवडते ती तिच्यातून निघणाऱ्या रोजच्या कामासाठी. दमट हवेत बंदुकीची दारू ओल धरते, आणि पिंपे एकाच कुशीवर पडून राहिली तर तिच्यातला सोरा हळूहळू खाली बसून मिश्रण बिघडते, म्हणून पिंपे ठरावीक काळाने उलटीपालटी करावी लागतात. ठिणगीच्या भीतीने कोठारात लोखंडी अवजार चालत नाही, तांब्याचे किंवा लाकडाचे लागते; खिळ्यांचे जोडे बाहेर काढून ठेवावे लागतात; कंदील काचेच्या खिडकीपलीकडे टांगलेला असतो. आपले शूर शांतिदल सकाळी अनवाणी पायांनी दुसऱ्यांची पिंपे फिरवत बसले आहे, हे दृश्य त्याच्या खऱ्या स्थानाविषयी बरेच काही सांगून जाते. आणि ज्या नाखव्याला आपली दारू दमट होऊन परत मिळाली, तो ती दलाने मुद्दाम भिजवली असेच म्हणणार.

अर्थात सात जहाजांची निम्मी दारू ज्याच्या ताब्यात आहे, तो उद्याचा ल व्हासर होऊ शकतो. म्हणून कोठाराला सात कुलपे असावीत आणि प्रत्येक कुलपाची किल्ली एकेका नाखव्याने नेमलेल्या माणसाकडे असावी. सातवा माणूस दारू पिऊन पडला म्हणून कोठार उघडत नाही आणि बाहेर आरमाराची शिडे दिसू लागली आहेत, अशी वेळ कधीतरी यायलाच हवी.

दलात माणसे कोण असावीत? आपण सर्वांना एकाच राज्याच्या आरमारातून पळून आलेले दाखवले आहे. त्यामुळे ते दल एक आठवी टोळी वाटते, तीही चाच्यांना सर्वांत नावडती. मी जखमी होऊन समुद्रावर निरुपयोगी ठरलेल्या माणसांकडे वळेन. एक पाय गेलेला तोफखान्याचा म्हातारा प्रमुख, हात गमावलेला शिडकरी, सामाईक निधीतून भरपाई घेऊन किनाऱ्यावर स्थिरावलेले असे लोक प्रत्येक टोळीतून थोडे थोडे यावेत, त्यांचा जुन्या सोबत्यांत मान असावा, आणि ज्याच्या जुन्या जहाजाचा तंटा असेल त्याने त्या दिवशी चौकशीला बसू नये. यामुळे दलाला प्रत्येक जहाजाच्या सवयी माहीत असतात, आणि दलावर हल्ला करणे म्हणजे स्वतःच्याच जुन्या माणसांवर हल्ला करणे ठरते. फितुरीचा धोका राहतोच. तो ठेवावा, त्याने कथेला बळच मिळेल.

चौकशीविषयी एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. शांतिसेनेत गोळीबार कोणी सुरू केला हे ठरवताना आम्ही आधी साक्षी घेत नसू, आधी जमीन पाहत असू. गोळा कोणत्या बाजूने आला हे खड्ड्याचा आकार सांगतो, रिकाम्या पुंगळ्या कुठे पडल्या हे दिसते, आणि मग दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना एकाच वेळी, एकाच ठिकाणी उभे करून तेच दाखवले जाते. आरोपीला शिक्षा देणे हा त्यामागचा हेतू नसतो. दोघांनी एकच मजकूर मान्य करून खाली सही करावी हा असतो, कारण दोघांच्या मनात घटनेच्या दोन वेगळ्या कहाण्या राहिल्या की आठवड्याभरात दुसरी घटना घडते. आपल्या दलाच्या चौकशीतही मृतदेह हलवण्यापूर्वी दोन्ही क्वार्टरमास्टरांना आणून उभे करावे. निवाडा जमलाच नाही, तर द्वंद्वाची सोय चाच्यांच्या रिवाजातच आहे: रॉबर्ट्सच्या नियमांप्रमाणे जहाजावर कोणी कोणाला मारायचे नाही, भांडण किनाऱ्यावर पिस्तूल आणि तलवारीने मिटवायचे, दोघांचेही पिस्तुलाचे नेम चुकले तर तलवारी काढायच्या आणि जो पहिले रक्त काढेल तो जिंकला. दलाने अशा द्वंद्वासाठी जागा राखावी, आणि हरलेल्याचे मित्र दुसऱ्या दिवशी उट्टे काढणार नाहीत याची हमी आधीच लिहून घ्यावी.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची जी तीन मूलतत्त्वे मानली जातात, म्हणजे संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा, आणि स्वसंरक्षण व सोपवलेल्या कामाचे रक्षण यांखेरीज बळाचा वापर न करणे, ती आपल्या बेटालाही लागू पडतात, आणि ती कुठे मोडतात हेही इतिहासात दिसते. १९५६ च्या सुएझ संकटानंतर सिनाईत नेमलेली सेना इजिप्तच्या संमतीवर उभी होती. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ती संमती काढून घेतली, सेना निघाली, आणि जूनमध्ये इस्रायलशी युद्ध झाले. बोस्नियातील स्रेब्रेनिका सुरक्षित क्षेत्र म्हणून १९९३ मध्ये जाहीर झाले, पण तिथल्या काहीशे हलक्या शस्त्रांच्या डच सैनिकांना ते राखता येण्याजोगे नव्हते, आणि जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून अधिक पुरुष व मुलगे मारले गेले. या दोन घटनांची तुलना काल्पनिक चाच्यांशी करणे मला थोडे अवघड वाटते, तरी लेखकाला त्यांतून घेण्याजोगे आहे ते असे: दलाने जेवढा किनारा राखता येतो तेवढ्याचाच शब्द द्यावा, आणि संमती कोणाकडून, कोणत्या शब्दांत, किती काळासाठी मिळाली आहे हे वाचकाला पहिल्या तीन प्रकरणांत कळावे. निःपक्षपातीपणाबद्दलही आपल्या खर्ड्यात गोंधळ आहे. आपला सेनापती सर्वांपासून सारखे अंतर ठेवतो, कोणाच्याही जेवणाला जात नाही. प्रत्यक्षात त्याने सर्वांकडे जायला हवे, वारंवार आणि काही कारण नसताना जायला हवे, आणि नियम मात्र सर्वांना एकच लावायला हवा. संकटाच्या रात्री प्रथमच भेटणाऱ्या मध्यस्थाचे कोणी ऐकत नाही.

आता ज्या जागेवर माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे तिथे येतो. आपल्या बेटावर चाच्यांखेरीज कोणी राहतच नाही. झरा आहे, पण त्याच्याकाठी कोणाचे शेत नाही. बाजार आहे, पण विकले जाते ते फक्त रेशीम आणि रम. मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर १६९० च्या दशकात अॅडम बॉल्ड्रिज याने चाच्यांसाठी व्यापारी ठाणे चालवले होते, न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडून माल मागवून तो चाच्यांना चढ्या भावाने विकत असे, आणि स्थानिक लोकांशी त्याचे सख्यही होते. १६९७ मध्ये स्थानिकांनी उठाव करून ते ठाणे उद्ध्वस्त केले, आणि त्याचे कारण म्हणून त्याने काही स्थानिकांना फसवून गुलाम म्हणून विकल्याचे सांगितले गेले. चाच्यांच्या तावडीत गुलामांची जहाजे नेहमी सापडत, आणि त्यांतल्या माणसांपैकी काहींना टोळीत घेतले जाई, तर अनेकांना मालाप्रमाणेच विकले जाई. ‘माल कुठून आला हे आम्ही विचारत नाही’ हे आपल्या दलाचे ब्रीद आहे. ज्या दिवशी तो माल म्हणजे दोनशे साखळदंडातली माणसे असतील, त्या दिवशी दल काय करते?

नकार दिला तर त्या नाखव्याची संमती गेली, आणि बाकीचेही विचारतील की आज माणसे नाकारलीत, उद्या काय नाकाराल. होकार दिला तर त्या बाजाराचा पहारा करड्या पट्ट्यानेच केला असे होईल, आणि दलातले जे शिपाई स्वतः अशाच जहाजांतून सुटून आले आहेत, ते पट्टा उतरवून निघून जातील. माझ्या दृष्टीने आपल्या कादंबरीचा मध्य हाच आहे, सध्या तिथे असलेली खजिन्याची चोरी नव्हे. बेटावरच्या मूळ रहिवाशांनाही या प्रसंगी बोलू द्यावे, कारण झरा त्यांचा आहे आणि शांततेच्या करारावर त्यांची सही कोणीच घेतलेली नाही.

शेवटाबाबत आपण विचारले आहे की, आरमाराने तोफा डागून बेट जिंकणे पुरेसे नाट्यमय होईल का. ते होईल, पण त्याहून घातक शस्त्र कागदाचे आहे. ५ सप्टेंबर १७१७ रोजी इंग्लंडच्या राजाने काढलेल्या माफीनाम्यात ५ जानेवारी १७१८ पूर्वीच्या चाचेगिरीला क्षमा होती, अट एवढीच की वर्षभराच्या आत शरण यावे. हा कागद नॅसॉला पोहोचताच चाच्यांत दोन तट पडले. जुलै १७१८ मध्ये वुड्स रॉजर्स गव्हर्नर म्हणून आला, तेव्हा चार्ल्स व्हेन नावाच्या चाच्याने पेटवलेले जहाज त्याच्या ताफ्यावर सोडून पळ काढला, तर हॉर्निगोल्डने माफी घेतली आणि रॉजर्सच्या वतीने जुन्या सोबत्यांना पकडायला निघाला. त्याने आणलेल्या कैद्यांपैकी आठ जणांना डिसेंबरमध्ये किनाऱ्यावर फाशी दिले गेले. पाहणाऱ्या गर्दीत माफी घेतलेले कितीतरी जुने चाचे होते, आणि कोणीही सोडवायला पुढे आले नाही.

आपल्या दलाला हा कागद तोफेपेक्षा कठीण जाईल. माफीचे पत्र घेऊन आलेल्या होडीला बंदरात येऊ द्यायचे की नाही, हाच पहिला प्रश्न. येऊ दिले तर संतापलेले नाखवे म्हणतील की दल विकले गेले, अडवले तर ज्यांना घरी जायचे आहे ते खलाशी दलाला तुरुंगाधिकारी समजतील. दारूच्या कोठाराची सात कुलपे आता तीन आणि चार अशी वाटली जातात. आणि एका म्हाताऱ्या तोफखानेवाल्याच्या लक्षात येते की, समुद्रावरून उतरून जेमतेम वर्ष झालेल्या त्याच्या तरुण सहकाऱ्यालाही या माफीची गरज आहे, कारण राजाच्या दृष्टीने करडा पट्टा बांधलेला माणूसही चाचाच आहे.

खर्डा पुन्हा लिहिताना सेनापतीच्या भाषणाने सुरुवात करू नये. खाडीच्या वहीपासून करावी: एक जहाज वाळूवर कलते पडले आहे, दुसरे रांग मोडून आत येऊ पाहते, आणि वही सांभाळणारी व्यक्ती दोन्ही क्वार्टरमास्टरांना बोलावणे पाठवते. ती व्यक्ती कोण असावी हे आपण ठरवावे. मी असतो तर बाजारात रम विकणारी, लिहितावाचता येणारी आणि साऱ्या नाखव्यांची उधारी तोंडपाठ असलेली एखादी बाई तिथे बसवली असती, आणि सेनापतीला तिच्या हाताखाली दिले असते.